इंजिनवरच्या ठशांची पडताळणी (शेव्हरोले कॉर्व्हेट)

जुन्या मोटारीतले इंजिन कारखान्यापासूनचे आहे की मागाहून बसवलेले, हे ब्लॉकवर (इंजिनाच्या ओतीव मुख्य सांगाड्यावर) पंच केलेल्या अक्षर-अंकांवरून ताडण्याची पद्धत. अमेरिकेतल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बाबतीत ती सर्वाधिक काटेकोर झाली आहे. कारण उघड आहे. १९६७ साली एल-८८ इंजिनाच्या जेमतेम २० कॉर्व्हेट बनल्या. अशा गाडीचे मूळ इंजिन शाबूत असेल तर किंमत लाखो डॉलरांनी वाढते, आणि तिथेच खोटे ठसे मारण्याचा मोह सुरू होतो.

स्मॉल-ब्लॉक (लहान आकाराच्या ब्लॉकच्या) व्ही-८ इंजिनात उजव्या बाजूच्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी उघडी राहते. ठसे तिथे असतात, आणि ते दोन वेगळ्या कारखान्यांत मारलेले. पहिला इंजिन कारखान्यातला : ‘व्ही०९१२’ म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १२ सप्टेंबर, पुढची अक्षरे इंजिनाचा प्रकार सांगतात. टोनावांडा या दुसऱ्या कारखान्याच्या इंजिनांवर ‘टी’ असतो. दुसरा ठसा सेंट लुईसला, गाडी जुळवताना मारलेला, गाडीच्या क्रमांकाचा. १९६९च्या मॉडेलवर तो ‘१९एस’ने सुरू होतो. दोन्हींचे पंच वेगळे, हात वेगळे. म्हणून दोन्ही ठशांची खोली आणि अक्षरांचे वळण हुबेहूब सारखे दिसले, तर शंका घ्यावी.

मग तारखा. ब्लॉक ओततानाच त्यावर महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्ष उठवलेले असते. ‘एच’ हे आठवे अक्षर, म्हणून ‘एच २२ ९’ म्हणजे २२ ऑगस्ट १९६९. ओतल्याची तारीख आधी, इंजिन जुळवल्याची नंतर, गाडीची त्याहून नंतर. हा क्रम उलटा निघाला की पुढे पाहायची गरजच नाही.

पण अंक जुळणे हा पुरावा अर्धाच. अंक कोणीही ठोकू शकतो. खरी साक्ष अंकांखालच्या धातूची. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच यंत्राने (ओळीने लावलेल्या दात्यांच्या, सरळ रेषेत तासणाऱ्या) तासला जाई. त्याच्या दात्यांनी इंजिनाच्या लांबीच्या दिशेने बारीक, समांतर रेघा उमटत. इंजिन उघडून माथ्याचे फेसिंग केले, म्हणजे तो फिरत्या कटरने पुन्हा तासून सपाट केला, की या रेघा जातात आणि त्यांच्यासोबत ठसेही. फिरत्या कटरच्या गोलाकार खुणांवर स्पष्ट, ठसठशीत नंबर दिसला, तर तो मागाहून मारलेला आहे. तिरपा उजेड आणि भिंग एवढ्यावर हे दिसते. पट्टीवरचे ग्रीस मात्र कापडानेच पुसावे. पॉलिश पेपर फिरवणारा स्वतःच पुरावा नष्ट करतो.

फेसिंगमध्ये ठसे गेलेले मूळ ब्लॉक असतात, तसेच वॉरंटीत बदलून दिलेले ‘सीई’ ठशाचेही. दोन्ही प्रामाणिक आहेत, तसेच ठेवावेत. त्यांच्यावर नवे अंक ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक होय.

आपल्याकडे आरसीबुकात इंजिन नंबर लिहिलेला असतो, तसा आधार तिकडे सहसा मिळत नाही. १९७४ साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही तपासणी पद्धतशीर करते. त्या काळच्या अनेक कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर कारखान्याने ऑर्डरचा कागद चिकटवलेला असे. तो वाचण्याजोगा उरला असेल, तर गाडी कोणत्या इंजिनाची म्हणून मागवली होती हे टाकी उतरवून पाहता येते.