प्रोग्रेस कोड आणि एरर कोड: सर्व्हर अडला की कोणता आकडा काय सांगतो

सर्व्हर सुरू होताना मदरबोर्डवरच्या छोट्या डिस्प्लेवर दोन अंकी कोड भराभर बदलत जातात आणि यंत्र अडले की त्यांतला एक तसाच राहतो. तो राहिलेला कोड म्हणजेच बिघाडाचे नाव, असे समजून लगेच सुटे भाग मागवले जातात, आणि नको तो खर्च तिथेच होतो.

प्रोग्रेस कोडमधून फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमधला, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) कोणते काम हाती घेतले आहे एवढेच कळवते. एरर कोड म्हणजे तपासणीअंती काढलेला निष्कर्ष असतो. यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकाच्या रचनेत हे दोन मुळातच वेगळे प्रकार आहेत. परंतु पीसीच्या जुन्या परंपरेतून आलेल्या ८०एच या पोर्टवर (फर्मवेअर आपले कोड पाठवते त्या पत्त्यावर) जागा एकाच बाइटची, म्हणजे ०० ते एफएफ अशा २५६ कोडांची, आणि दोन्ही प्रकार त्याच डिस्प्लेवर उमटतात.

इंदूरच्या रामबागेतील एका कार्यालयात असाच एक सर्व्हर २डी वर थांबला होता. सोबतचा तरुण तंत्रज्ञ म्हणाला, "काका, रॅम गेली. नवी मागवू का?" एएमआय कंपनीच्या अ‍ॅप्टिओ फर्मवेअरमध्ये २डी म्हणजे मेमरीचे टायमिंग बसवण्याचा टप्पा, तो सुरू झाला आणि पुरा झाला नाही, एवढेच त्यातून ठरते. दोष रॅमच्या पट्टीत, ती बसते त्या स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्येही असू शकतो. आम्ही सर्व पट्ट्या काढल्या, तेव्हा ५५ दिसले. हा मात्र एरर कोड: मेमरी बसवलेली नाही. मग एकेक पट्टी लावत गेलो, तेव्हा कोणतीही पट्टी एका ठरावीक स्लॉटमध्ये बसवली की २डी परत येई. त्या स्लॉटमध्ये धूळ साचली होती. ती काढल्यावर जुन्याच पट्ट्यांवर सर्व्हर सुरू झाला.

एरर कोडही शब्दशः घेऊ नये. रॅम लावलेली असताना ५५ आले, तर फर्मवेअरला ती दिसली नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर हा भेद पहिल्याच अक्षरात दिसतो: आठ अक्षरी कोड सी ने सुरू झाला तर सहसा प्रगती, बी ने सुरू झाला तर दोष. अशी सोय सर्वत्र हवी होती, असे मला मनापासून वाटते. इतर बोर्डांवर त्याच उत्पादकाचा, त्याच मॉडेलचा तक्ता उघडल्यावाचून इलाज नाही, कारण एकाच आकड्याचा अर्थ निरनिराळ्या फर्मवेअरमध्ये वेगळा असतो.

कोड स्थिर दिसला म्हणजे सर्व्हर अडलाच, असेही नाही. शेकडो जीबी रॅम असलेल्या सर्व्हरला रॅम बदलल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीस मेमरीची जुळवणी करायला काही मिनिटे लागू शकतात; तोवर वीज बंद करू नये. त्यानंतरही कोड हलला नाही, तर बीएमसीच्या (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या, बोर्डावरच्या स्वतंत्र नियंत्रकाच्या) नोंदवहीत त्याच वेळेची एखादी चूक नोंदली गेली आहे का ते पाहावे, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा.