टाच मोकळी की बांधलेली? : नॉर्वेतल्या स्कीइंगची पार्श्वभूमी

हिवाळ्यातल्या रविवारी ऑस्लोच्या मेट्रोच्या एक नंबर मार्गावर डब्यात माणसांच्या बरोबरीने स्कीही दाटीवाटीने उभ्या असतात. काहीजण वोक्सेनकोलेनला उतरून लिफ्टच्या उताराकडे वळतात. बाकीचे फ्रोग्नरसेतेरेनपर्यंत, म्हणजे मार्ग संपेपर्यंत बसून राहतात आणि तिथून जंगलात शिरतात. गाडी एकच, पण खेळ दोन. जंगलात जाणाऱ्याची टाच मोकळी असते, उतारावरून झेपावणाऱ्याची पक्की अडकवलेली. या दोन खेळांची वाट कुठे फुटली, ते टाचेपाशीच सापडतं.

मुळात हा खेळ नव्हताच. जुन्या नॉर्स भाषेत स्की या शब्दाचं मूळ चिरलेल्या लाकडाच्या फळीत आहे. नॉर्वेच्या दिगरवार्देन डोंगरावर वितळत्या बर्फातून २०१४ मध्ये एक स्की बाहेर आली आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार. दोन्ही सुमारे १३०० वर्षं जुन्या, त्यांवर दुरुस्तीच्या खुणा. कोणीतरी त्या वापरून, डागडुजी करून, पुन्हा वापरल्या होत्या. आपल्याकडे चपलेला टाका घालून घेतात तशा. १२०६ मध्ये यादवी चालू असताना दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्र होकोनला स्कीवरून डोंगरापार सुखरूप नेलं. त्याची आठवण म्हणून १९३२ पासून रेना ते लिलेहामर अशी शर्यत होते. अंतर ५४ किलोमीटर, आणि पाठीवर साडेतीन किलोचं ओझं सक्तीचं. ते ओझं म्हणजे ते मूल!

जुन्या काळी पाय स्कीला बोटांपाशीच बांधलेला असे. चालायला तेवढं पुरे, पण उतारावर वळताना किंवा उडी मारताना स्की पायातून निसटायची. तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावचा सोन्द्रे नोर्हाइम (जन्म १८२५) हा गरीब कुळ. त्याने पिळलेल्या लवचीक फांद्यांची कडी टाचेमागून घेतली. टाच उचलता येत होती, पण स्की आता पायाचं ऐकू लागली. शिवाय त्याने स्की मध्यभागी अरुंद केली, म्हणजे वळण सोपं. १८६८ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी तो ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या स्पर्धेत उतरला आणि शहरी मंडळींना थक्क करून जिंकला. ‘स्लालोम’ हा शब्दही त्याच्याच मुलखातला : उतारावरची वाट. एवढं करून गरिबी काही सुटली नाही. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला. ते सपाट माळरान. स्की असून काय उपयोग?

नॉर्वेचा धाडसी संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केलं. त्याचं प्रवासवर्णन मध्य युरोपात पोहोचलं आणि आल्प्समध्ये स्कीचं वेड पसरलं. पण आल्प्सचे उतार उभे, तिथे मोकळी टाच नडू लागली. ऑस्ट्रियात मथियास झ्दार्स्कीने आखूड स्की आणि नवी बांधणी काढली. पुढे तारेने टाच खाली दाबून धरणारी बांधणी आली. तिचं नाव ‘कंदाहार’! अफगाण युद्धात गाजलेला आणि कानपुरात जन्मलेला इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार याच्या नावाने स्वित्झर्लंडमध्ये स्कीचा चषक सुरू झाला होता, त्यावरून हे नाव चिकटलं.

नॉर्वेने हा नवा प्रकार जरा नाक मुरडूनच पाहिला. १९२४ च्या शामोनी ऑलिम्पिकमध्ये स्कीच्या शर्यती सगळ्या ‘नॉर्डिक’, म्हणजे मोकळ्या टाचेच्या होत्या. उताराचा प्रकार शिरला तो १९३६ मध्ये. गंमत अशी, की त्यातली उतारावरची धाव जिंकली ती नॉर्वेच्याच बिर्गर रूडने. स्लालोममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्यात, मात्र तो मागे पडला आणि दोन्हींच्या एकत्रित निकालात पदक हुकलं. १९५२ ला ऑस्लोत हिवाळी ऑलिम्पिक भरलं तेव्हा ज्योत ग्रीसमधून आली नाही. ती पेटवली मोर्गेदालला, नोर्हाइमच्या घरच्या चुलीत.

तरी सामान्य नॉर्वेजियन माणसाचा जीव आजही मोकळ्या टाचेतच आहे. १९७३ च्या डिसेंबरात तेलटंचाईमुळे सुट्टीच्या दिवशी गाड्या चालवायला बंदी होती. तेव्हा राजा उलाव पाचवा स्की घेऊन होल्मेनकोलेनच्या ट्राममध्ये चढला आणि तिकिटासाठी पैसे पुढे केले. तो फोटो नॉर्वेत कोणालाही दाखवा, ओळखतील. ट्रामचा मार्ग तोच, आजच्या एक नंबर मेट्रोचा, जंगलाकडे जाणारा.