नोकरी सोडली म्हणून पीएफ काढू नका

‘नोकरी सुटली की पीएफ काढून घे, तीन वर्षांनी व्याज बंद होतं’ हा सल्ला आजही पंचविशीतल्या मुलांना हमखास मिळतो. २०११ मध्ये तसा नियम आला होता, पण तो २०१६ मध्ये बदलला. आता खातं निष्क्रिय होण्याची ३६ महिन्यांची अट पंचावन्नीनंतरची निवृत्ती, कायमचं परदेशी स्थायिक होणं किंवा मृत्यू अशा वेळी लागू होते. तरुणपणी नोकरी सोडली तर व्याज मिळत राहतं. मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, म्हणून शिल्लक नव्या कंपनीच्या खात्यात वळवून घेणंच बरं.

पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते. जुनं खातं वळवलं असेल तर आधीच्या नोकरीची वर्षंही या पाचांत धरतात. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे उचलले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून. हे नुकसान फार जणांच्या लक्षातच येत नाही.

पंचविसाव्या वर्षी काढलेला १ लाख दरसाल ८ टक्के व्याजाने वयाच्या ५८ पर्यंत राहिला असता, तर साडेबारा लाखांवर गेला असता.

पैसे वळवताना अर्ज बहुतेक वेळा अडतो तो जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्यामुळे. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख पीएफच्या सरकारी पोर्टलवर तुम्हालाच भरता येते. आधार आणि पीएफमधलं नाव व जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळतात का, तेही आधीच तपासा.