इंग्लंड-वेल्समधल्या फ्लॅटचं लीज वाढवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि चुकवू नयेत अशा तारखा

इंग्लंड किंवा वेल्समध्ये फ्लॅट घेतला की बहुतेक वेळा हाती येतं ते लीज, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता हक्क. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरचीच, म्हणजे मूळ मालकाचीच राहते. त्यामुळे आधी एक काम करा: आपल्या लीजची नेमकी किती वर्षं उरली आहेत ते बघा. तुम्ही फ्लॅट कधी घेतला याच्याशी त्याचा संबंध नसतो. समजा लीजवर लिहिलंय, ‘२५ मार्च १९८३ पासून १२५ वर्षं’. तुम्ही घर २०१९ मध्ये घेतलं असलं तरी हे लीज मार्च २१०८ मध्येच संपणार आणि मार्च २०२८ मध्ये त्याची ८० वर्षं उरणार.

हा ८० चा आकडा फार महत्त्वाचा. लीज वाढवून मागणारी कायदेशीर नोटीस फ्रीहोल्डरला दिली त्या दिवशी ८० वर्षांहून जास्त मुदत शिल्लक असेल, तर त्याला द्यायच्या रकमेत, म्हणजे प्रीमियममध्ये, ‘मॅरेज व्हॅल्यू’, म्हणजे लीज वाढवल्यामुळे एकूण किमतीत पडणारी भर, धरली जात नाही. ८० किंवा त्याहून कमी असेल तर धरली जाते आणि तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला जातो. हिशेब समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. आहे त्या लीजसह फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड, लीज वाढवल्यावर ३ लाख ४० हजार आणि फ्रीहोल्डरच्या हक्काची किंमत १५ हजार. ३ लाख ४० हजारांतून ३ लाख १५ हजार वजा केले की उरतात २५ हजार, ही मॅरेज व्हॅल्यू. तिचे निम्मे साडेबारा हजार आणि वरचे १५ हजार मिळून प्रीमियम झाला साडेसत्तावीस हजार. ८० ची रेषा ओलांडायच्या आत नोटीस गेली असती तर हे साडेबारा हजार वाचले असते.

२०२४ च्या नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि ९९० वर्षांची वाढ देण्याची तरतूद आहे, पण ती कलमं अजून लागू झालेली नाहीत. म्हणून ज्यांची ८१-८२ वर्षं उरली आहेत त्यांनी नव्या नियमांच्या आशेवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच ८० च्या खाली गेलेल्यांना आणि घर विकायची घाई नसलेल्यांना थांबण्याचा विचार करता येईल. मात्र मुदत जितकी कमी तितका प्रीमियम वाढतो आणि कमी मुदतीच्या लीजवर कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात, हे विसरू नका.

कोण पात्र?

लीज मुळात २१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं दिलेलं असावं, ही मुख्य अट. पूर्वी फ्लॅट नावावर होऊन दोन वर्षं व्हावी लागत. ३१ जानेवारी २०२५ पासून ती अट गेली, त्यामुळे नाव लागलं की लगेच नोटीस देता येते. फ्लॅटमध्ये स्वतः राहायलाच हवं असंही नाही. घर भाड्याने देऊन पुण्याला परतलेल्या मालकालाही हा हक्क आहे. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांच्या वतीने जायला हवी.

नॅशनल ट्रस्टच्या मालमत्ता, कॅथीड्रलच्या आवारातली घरं आणि धर्मादाय गृहनिर्माण संस्थांची काही घरं या हक्कातून वगळली आहेत. स्वतंत्र घराला १९६७ चा वेगळा कायदा लागतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

१९९३ च्या कायद्यानुसार फ्लॅटधारकाला मिळतं ते असं: उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, शून्य.

आधी जमवायचे कागद

लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातून, तुमच्या लीजचा आणि फ्रीहोल्डचा, असे दोन्ही उतारे काढा. सरकारी संकेतस्थळावर एका उताऱ्याला ७ पौंड लागतात. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स त्यासाठीच बरेच जास्त घेतात, तेव्हा पत्ता नीट बघा. मूळ लीजची प्रत आणि नंतर केलेले बदलाचे करार असतील तर तेही हवेत. ग्राउंड रेंटची शेवटची मागणी जपून ठेवा, तिच्यावर फ्रीहोल्डरचं नाव-पत्ता असतो. तुमच्या आणि फ्रीहोल्डरच्या मध्ये आणखी एखादा लीजधारक असेल तर नोटीस नेमकी कुणाला द्यायची हे सॉलिसिटरकडून, म्हणजे वकिलाकडून, तपासून घ्या.

सॉलिसिटर आणि सर्व्हेअर दोघेही याच कामाचे जाणकार असावेत. घरखरेदीचं काम उत्तम करणारा सॉलिसिटर हे करतोच असं नाही. सर्व्हेअर, म्हणजे मालमत्तेचं मूल्यांकन करणारा, प्रीमियमचा अंदाज देतो. नोटिशीत लिहायचा आकडा त्यावर आधारलेला असू द्या, कारण अगदीच हास्यास्पद रक्कम टाकली तर नोटीसच बाद ठरू शकते.

नोटीस आणि पुढच्या तारखा

१९९३ च्या कायद्यातल्या कलम ४२ ची नोटीस (वर जिचा उल्लेख आला तीच) दिली त्या दिवशी मूल्यांकनाची तारीख पक्की होते. मग वाटाघाटीत महिने गेले तरी ८० ची रेषा तुम्हाला आडवी येत नाही. नोटिशीची नोंद लँड रजिस्ट्रीत करून घ्या, म्हणजे मध्येच फ्रीहोल्ड विकलं गेलं तरी तुमचा दावा टिकतो. फ्रीहोल्डर मालकीचा पुरावा मागू शकतो, तो २१ दिवसांत द्यावा लागतो. अनामतही मागू शकतो: प्रस्तावित प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यांतली जास्त असेल ती रक्कम.

उत्तर द्यायला फ्रीहोल्डरला किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याने मुदतीत उत्तर दिलंच नाही, तर ती मुदत संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत तुम्ही कोर्टात जाऊन तुमच्याच अटींवर लीज मागू शकता. उत्तर आलं पण रकमेवर एकमत होईना, तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायचा. तो उत्तर मिळाल्यापासून दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत. बोलणी चांगली चालली आहेत म्हणून ही तारीख सोडू नका. ती चुकली की नोटीस मागे घेतली असं धरलं जातं, नवी नोटीस बारा महिने देता येत नाही आणि फ्रीहोल्डरचा तोवरचा खर्चही तुमच्याच माथी येतो.

तसंही फ्रीहोल्डरच्या वकिलाची आणि मूल्यांकनाची वाजवी फी सध्याच्या नियमाप्रमाणे तुम्हीच द्यायची असते. ट्रायब्युनलमध्ये लढण्याचा त्याचा खर्च मात्र यात येत नाही.

काही फ्रीहोल्डर ‘नोटीस कशाला, आपसात करू’ म्हणतात. हा मार्ग स्वस्त आणि जलद असू शकतो, पण मसुदा बारकाईने वाचा. अनेकदा मुदत ९० वर्षांनी न वाढवता फक्त १२५ पर्यंत नेतात आणि जुन्या मुदतीपुरतं ग्राउंड रेंट चालूच ठेवतात. तुमच्यावर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागेल. आणि ८० ची रेषा जवळ असताना अशा तोंडी बोलण्यांनी तुमची तारीख राखली जात नाही.

रक्कम ठरली की नवं लीज, सह्या, पैसे आणि लँड रजिस्ट्रीतली नोंद. नोंद झाल्यावर बँकेतली ग्राउंड रेंटची स्टँडिंग ऑर्डर बंद करा. इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज मात्र पूर्वीसारखाच भरावा लागतो.