कूपन की कॅशबॅक? किराण्याच्या बिलात नक्की काय कमी होतं

काल वहिनीचा फोन आला. “अगं, कूपन लागलं, शंभर रुपये वाचले!” मागोमाग बिलाचा स्क्रीनशॉट. तो बघून मला वाईट वाटलं, कारण ते कूपन नव्हतंच, कॅशबॅक होता. तिच्या खात्यातून पूर्ण 1010 रुपये गेले होते. शंभर रुपये ॲपच्या वॉलेटमध्ये तीन दिवसांनी जमा होणार आणि पंधरा दिवसांत वापरले नाहीत तर संपणार. वर अट अशी, की एका बिलात दहा टक्क्यांपर्यंतच वापरायचे. म्हणजे ते शंभर सुटायला आणखी हजाराची खरेदी हवी.

ॲपवर ही दोन्ही एकाच ‘ऑफर्स’च्या पानावर, एकसारख्या चौकटीत, ‘लागू करा’ या एकाच बटणाशेजारी असतात. गल्लत होणारच. नजर फक्त ‘एकूण देय रक्कम’वर ठेवायची. कोड टाकल्यावर तो आकडा तिथल्या तिथे उतरला तर कूपन. आकडा जागचा हलला नाही आणि खाली बारीक अक्षरांत ‘ऑर्डर पोहोचल्यावर जमा’ असं उमटलं तर कॅशबॅक. कार्डाच्या बिलात किंवा बँक खात्यात येणारा कॅशबॅक त्यातल्या त्यात बरा, तो कुठेही खर्च करता येतो. वॉलेटमधला मात्र त्याच ॲपवर पुन्हा जायला लावतो.

मग कूपनसाठी तरी खटपट करावी का? करावी, पण यादी आधी कागदावर उतरलेली असेल तरच. समजा यादी 860 रुपयांची झाली आणि कूपन ‘999 च्या वर 100 सूट’ असं आहे. आपण 150 रुपयांची बिस्किटं टाकतो, बिल 1010 होतं, शंभर वजा जाऊन 910 भरतो. बिस्किटं पुढच्या आठवड्यात लागणारच होती, तर शंभर रुपये खरोखर वाचले. नको असताना घेतली असतील, तर खिशातून पन्नास जास्त गेले. कूपन तेच, बिल तेच, फरक फक्त यादीचा.

त्यात शेवटच्या पायरीवर डिलिव्हरी, हँडलिंग वगैरे शुल्कं येतात. सूट मोजायची ती हे सगळं धरून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवून खर्च करायला लावणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत 13 प्रकार नोंदवले आहेत. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, काही शुल्कं शेवटपर्यंत लपवणं, हे सगळं त्यात येतं. असं दिसलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा.

तेलाच्या बाबतीत तर मी फार काटेकोर आहे. एक लिटर तेलाच्या पिशवीवर साधारण 910 ग्रॅम लिहिलेलं असतं. शेजारी तशीच दिसणारी पिशवी असते, ‘15 रुपये कूपन’वाली, आणि तिच्यात 850 ग्रॅमच तेल. 15 रुपये कमी झाल्याचं समाधान मिळतं, पण 60 ग्रॅम तेलही कमी मिळालेलं असतं. म्हणून एमआरपीजवळ छापलेली ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत वाचायची. ॲपवर ती दिसत नसेल तर किंमत भागिले वजन, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्धा मिनिट. आणि हाच भाव एकदा वाण्याकडेही विचारायचा. आमचा वाणी नेहमीच्या गिऱ्हाइकाला एमआरपीच्या खालीच लावतो, तेही कोडबिड न टाकता.

एक गोष्ट मला उशिरा कळली. एका ऑर्डरमधली तूरडाळ किडकी निघाली, परत केली. 180 ची डाळ, पण परत आले साधारण 162. कूपनची सूट सगळ्या वस्तूंवर वाटली गेली होती, त्यामुळे डाळीच्या वाट्याची सूट कापूनच पैसे आले. हिशेब चुकीचा नव्हता, पण आधी माहीत असतं तर मी तासभर चॅटवर भांडले नसते.

आता माझा नेम असा: टिकाऊ सामान, म्हणजे डाळी, तेल, चहा, साबण, महिन्यातून एकदाच मागवायचं, कूपन लावून. त्यासाठी दहा मिनिटं, जास्त नाही. भाजी-कोथिंबीर कोपऱ्यावरच्या मावशींकडून.

वहिनीने विचारलं, “मग त्या वॉलेटमधल्या शंभरांचं काय करू?” मी म्हटलं, “कपड्यांची पावडर किती उरलीय ते आधी बघ. या पंधरवड्यात हजाराचं सामान लागणारच असेल तर वापर. नसेल तर जाऊ देत ते शंभर.”