भांडणाची पहिली तीन मिनिटं

भांडण कशावरून झालं, याला आपल्याकडे फार महत्त्व. समजूत घालायला आलेली मावशीही आधी तेच विचारते. पण जोडप्यांची भांडणं चित्रित करून अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांना कारणापेक्षा सुरुवात जास्त बोलकी वाटते.

सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडप्याला आपल्यातल्या एखाद्या वादाच्या विषयावर १५ मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्या बोलण्यातल्या पहिल्या तीन मिनिटांतच, पुढच्या सहा वर्षांत वेगळी झालेली आणि एकत्र राहिलेली जोडपी यांच्यातला फरक दिसत होता. वेगळे झालेले सुरुवातीपासूनच जास्त कडवट आणि कमी मायेने बोलत होते. गॉटमन यांच्या अशा संशोधनावरून ‘घटस्फोटाचं ९० टक्के अचूक भाकीत’ असे मथळे झाले. त्यांना फार भुलू नये. ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं, त्यांच्यावरच ते तपासलं तर ते अचूकच वाटणार, हा आक्षेप २००१ मध्ये रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी घेतला आणि तो रास्त आहे. म्हणजे तीन मिनिटांत कुणाची पत्रिका मांडता येत नाही. वाईट सुरुवात सहसा वाईट शेवटाकडे नेते, एवढं मात्र धरून चालता येतं.

वाईट सुरुवात म्हणजे कशी? ‘तुला घराचं कधी काही पडलेलंच नसतं.’ यात घडलेली गोष्ट कुठेच नाही, माणसावर शेरा मात्र आहे. समोरचा शेऱ्याला उत्तर देणार, आणि मूळ मुद्दा बाजूला राहणार. तीच तक्रार अशीही करता येते: ‘गॅसचा नंबर लावायचा राहिला. उद्या सिलिंडर संपला तर डबे कसे व्हायचे, याचं मला टेन्शन आलंय. सकाळी नंबर लावशील?’ काय घडलं, त्याचा मला काय त्रास झाला आणि आता नेमकं काय हवंय, एवढंच यात आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेऱ्यालाच ‘मला वाटतं’ जोडणं. ‘मला वाटतं तू आळशी आहेस’ हे नरम बोलणं नव्हे.

शेऱ्याहूनही वाईट म्हणजे तुच्छतेचा सूर: नक्कल करून दाखवणं, डोळे फिरवणं, ‘हो का, मोठे आले शहाणे’, ‘शेवटी आईवरच गेलीस’. गॉटमन नात्याला सर्वांत घातक मानतात ते यालाच.

आता शरीराकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. वाद तापला की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मिनिटाला शंभरच्या पुढे गेले की समोरच्याचं म्हणणं ऐकून समजून घेणं अवघड होतं. अशा वेळी ‘जरा शांतपणे ऐक ना’ म्हणण्यात अर्थ नसतो. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत ‘यंत्रं जरा जुळवून घ्यायची आहेत’ असं सांगून भांडण मध्येच थांबवलं गेलं. सुमारे अर्धा तास दोघांनी नुसती मासिकं चाळली. ठोके उतरले, आणि पुन्हा सुरू झालेलं बोलणं लक्षणीय सौम्य होतं.

घरी हे करायचं तर मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. पंचविसाच्या वर गेले तर थांबा. (रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांना हा आकडा लागू नाही, गोळीच ठोके दाबून धरते.) थांबताना परत कधी बोलायचं ते सांगा: ‘मला आत्ता सुचत नाहीये, साडेनऊला बोलू.’ ज्याने थांबवलं त्यानेच साडेनऊला विषय काढायचा. मधल्या वेळात ‘मी असं म्हणायला हवं होतं’ अशी मनातल्या मनात उजळणी चालू ठेवली तर वेळ फुकट, कारण शरीराच्या दृष्टीने भांडण चालूच राहतं.

वेळ न सांगता उठून जाणं ही वेगळीच गोष्ट. एकजण मागे लागतो, दुसरा अंग काढून घेतो, म्हणून पहिला आणखी मागे लागतो. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हेवी यांना १९९० मध्ये दिसलं, की बदल बायकोला हवा असेल तेव्हा ती मागे लागते आणि नवरा गप्प होतो, हे चित्र ठळक असतं. बदल नवऱ्याला हवा असला की ते पुसट होतं. तेव्हा ‘बायकांचा स्वभावच कटकटीचा’ हे निदान कच्चं आहे. सध्याच्या व्यवस्थेत ज्याचं बरं चाललंय, तो विषय कशाला काढेल?

या कटुतेची किंमत शरीर मोजतं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी ओहायोत ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणून त्या जखमा भरण्याचा वेग मोजला. एकमेकांशी फार वैराने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत ६० टक्के वेगानेच भरल्या.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त मानसशास्त्रज्ञ एलाय फिंकेल यांचा. शिकागो परिसरातल्या १२० जोडप्यांपैकी निम्म्यांनी वर्षभर दर चार महिन्यांनी फक्त सात मिनिटं लेखन केलं: दोघांचंही भलं चिंतणाऱ्या त्रयस्थाला आपलं अलीकडचं भांडण कसं दिसेल, असं बघताना अडचण काय येते, आणि पुढच्या भांडणात ते कसं जमवायचं. लिहिणाऱ्यांच्या लग्नातल्या समाधानाची घसरण थांबली, न लिहिणाऱ्यांची चालू राहिली. हे लिहायचं ते राग निवल्यावर, आणि जोडीदाराला वाचून दाखवण्यासाठी नव्हे.

हे सगळं बरोबरीच्या भांडणापुरतं. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, मारहाण होते, तिथे प्रश्न बोलण्याच्या पद्धतीचा नसतो. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.