कुत्र्याला रानात नेताय? निघण्याआधी हे वाचा

आम्ही कुत्र्यांचे पट्टे आणि दोऱ्या बनवतो, त्यामुळे ‘मोकळा सोडू नका’ हे आमच्या तोंडी धंद्याचं वाटेल. तरी सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण रानातली बरीचशी संकटं कुत्रा स्वतःच नाक खुपसून ओढवून घेतो. दीड-दोन मीटरची साधी दोरी पुरते. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी झुडपांत अडकते आणि ऐन वेळी कुत्रा फार पुढे गेलेला असतो. (हो, तीही आम्ही विकतो. ती मोकळ्या मैदानासाठी.)

साप बहुधा तोंडाला किंवा पायाला चावतो. दंशाची शंका जरी आली तरी कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. गळ्यातला पट्टा आधी काढा; सूज चढली की तो आवळतो. जखम कापणं, चोखणं, वर दोरी करकचून बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही नको. विषारी दंशावर खरा उपाय प्रतिविषाचा, आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. म्हणून जिथे जाणार आहात तिथल्या जवळच्या पशुवैद्याला आधीच फोन करून विचारा. या पत्रकातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

विषारी भेक तोंडात धरला की लाळ गळू लागते. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसत राहा, पाणी घशात जाऊ देऊ नका आणि दवाखाना गाठा. साळिंदराचे काटे घरी उपटू किंवा कापू नका.

साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या मुतातून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. हिरवट साय धरलेलं पाणी तर प्राणघातक ठरू शकतं.

परतल्यावर गोचीड शोधा: कानांत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत, शेपटीखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं नकोच. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर गोचीड निघाली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रेबीजची लस वेळेवर झालेली असली, तरी रानटी प्राणी चावल्यास जखम साबणाच्या पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धुताना हातमोजे घाला. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनानेच देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते.